माझा हात खोटा का?

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आमच्या सौंसरच्या घरी लाइट आली. सकाळी अकराला गेली होती. पावसाने कुठेतरी तार तुटली होती, त्यामुळे पाच तास घर अंधारात होतं. त्यात सणाचा दिवस. पाहुण्यांना थंड पाणी द्यायला, पुरणाची भांडी ठेवायला-काढायला फ्रीजचं दार दर पाच मिनिटांनी उघडलं जात होतं.

लाइट आल्यावर बाबांनी फ्रीज उघडला, आतल्या इन्सुलिनच्या डब्याला हात लावला आणि मला हाक मारली.

"हे तर थंड नाही लागून राहिलं. तुझ्या मशीनमध्ये पाहा बरं, किती आहे ते."

माझी मशीन म्हणजे तापमान मोजणारी, तळहातावर मावेल एवढी एक डबी. तपासणीसाठी मी ती पुण्याहून सोबत आणली होती आणि आदल्या रात्री आमच्याच फ्रीजमध्ये ठेवली होती. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर हिरवा दिवा होता, खाली 'जोडलेले' असं लिहिलेलं होतं आणि आकडा होता ५.१ अंश.

"पाच पॉइंट एक," मी म्हणालो.

बाबांनी पुन्हा डब्याला हात लावला. "मग माझा हात खोटा का रे?"

बाबांचा हात खरा होता, खोटं माझा प्रोग्राम बोलत होता. दीड वर्ष आम्ही ऑफिसात जी चूक शोधत होतो आणि जी एकदाही आमच्या हाती लागली नव्हती, ती पोळ्याच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिचीच ही गोष्ट. आपल्या अंकाच्या वाचकांत संगणकावर काम करणारी तरुण मंडळी बरीच आहेत, त्यांना ती ओळखीची वाटेल. बाकीच्यांना कळावी म्हणून मी जरा सावकाश सांगतो.

सात वेळा थिजलेला पडदा

मी बीई झालो आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. एका कंपनीसाठी आम्ही शीतगृहांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवली. बऱ्याच लसी आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्ये ठेवावं लागतं. खाली गेलं आणि गोठलं तर नुकसान, फार काळ वर राहिलं तरी नुकसान. प्रत्येक शीतगृहात आमची डबी दर दहा सेकंदांनी तापमान मोजते आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरला कळवते. ८ च्या वर गेलं की सर्व्हर माणसांना फोन करतो.

दीड वर्षात सात वेळा हा सर्व्हर थिजला. तो बंद पडला नव्हता. बंद पडला असता तर कळलं असतं, कारण बंद पडलेल्या प्रोग्रामला आपोआप पुन्हा सुरू करायची सोय होती. हा चालू होता, पण काहीच करत नव्हता. प्रोसेसरवर भार शून्य, एररचा एकही संदेश नाही, आणि पडद्यावर सगळीकडे शेवटचे आकडे तसेच.

सातव्या वेळी पावसाळी रात्र होती. एका शीतगृहातला कॉम्प्रेसर बंद पडला आणि आमचा पडदा चार तास '४ अंश' दाखवत राहिला. तिथल्या चौकीदाराने दारावरचा साधा थर्मामीटर पाहिला आणि फोन केला, म्हणून कळलं. तो सगळा माल बाजूला काढून तपासून घ्यावा लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी बाबा रोज इन्सुलिन घेतात. असल्याच एखाद्या खोलीतून ती कुपी मेडिकलच्या दुकानात येते, हे मला आकड्यांच्या पलीकडचं ठाऊक होतं.

प्रत्येक वेळी आम्ही एकच केलं, सर्व्हर रिस्टार्ट केला. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. आणि प्रत्येक वेळी त्यासोबत सगळा पुरावाही पुसला गेला. सकाळच्या मीटिंगमध्ये "कधीकधी होतं" एवढंच सांगता यायचं.

थ्रेड, सॉकेट आणि कुलूप

आता थोडं आतलं. एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात, त्यातल्या प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. लग्नघरात एकच स्वयंपाकघर असतं पण चार जण चार कामं करतात, तसं. आमच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक डबीचं ऐकायला एक थ्रेड होता. शिवाय एक पहारेकरी थ्रेड, 'कोणाकडून पाच मिनिटांत काही आलं नाही' हे पाहणारा. आणि एक पाठवणारा थ्रेड, जुनं सॉफ्टवेअर असलेल्या डबीला नवं सॉफ्टवेअर पाठवणारा.

डबी आणि सर्व्हर यांच्यात जी बोलण्याची वाट असते तिच्या टोकाला सॉकेट म्हणतात. सॉकेटला दोन टाक्या असतात. एक आलेला मजकूर साठवायची, दुसरी जायचा मजकूर साठवायची. यांना बफर म्हणतात. समोरच्याने आपली टाकी उपसली नाही की ती भरते. भरली की टीसीपी नावाची व्यवस्था पाठवणाऱ्याला सांगते, 'जागा शून्य, थांब.' मग पाठवणारा थांबतो. मजकूर सांडू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे.

तिसरी गोष्ट कुलूप, म्हणजे लॉक. सगळ्या डब्यांची एक यादी असते. दोन थ्रेडनी ती एकाच वेळी बदलली तर घोटाळा होतो, म्हणून यादीला एक कुलूप आणि त्याची एकच किल्ली. ज्याच्याकडे किल्ली तोच यादीला हात लावणार, बाकीचे रांगेत.

सौंसरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. २०१५ च्या अखेरीपर्यंत आमच्याकडून छिंदवाडा-नागपूर ही छोटी गाडी जायची, अडीच फुटी नॅरोगेज, एकेरी लाइन. आता तिथे ब्रॉडगेज झाली आहे. लहानपणी त्या गाडीत बसलं की मधल्या एखाद्या स्टेशनावर ती नुसतीच उभी राहायची. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "क्रॉसिंग आहे." समोरची गाडी येऊन बाजूच्या लाइनीवर लागेपर्यंत आपली हलायची नाही. एकेरी मार्गावर देशात अनेक ठिकाणी ड्रायव्हरला टोकन द्यायची पद्धत होती. पुढच्या टप्प्याचं टोकन एकच, ते हातात असल्याशिवाय गाडी त्या टप्प्यात न्यायची नाही. आमच्या लॉकची किल्ली म्हणजे हेच टोकन.

आता समजा, दोन गाड्या एकमेकींसमोर आल्या. प्रत्येकीने आपला टप्पा अडवून ठेवलाय आणि प्रत्येकीला समोरचीचा टप्पा हवाय. मागे कोणी जात नाही, टप्पा कोणी सोडत नाही. दोन्ही ड्रायव्हर नियमानेच वागताहेत, तरी गाड्या जन्मभर तिथेच. याला डेडलॉक म्हणतात. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी १९७१ मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळणारी असते. हातातली धरून ठेवून दुसरीची वाट पाहिली जाते. कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचं एक वर्तुळ तयार होतं. चारही एकत्र आल्या तरच गाठ बसते, म्हणून त्यातली कुठलीही एक मोडली तरी ती सुटते.

आमच्या सर्व्हरमध्ये असं काहीतरी असणार, हा संशय मला होताच. यादीची किल्ली कोणीतरी घेऊन बसत होतं. पण कोण आणि का? मी सगळा कोड दोनदा वाचला. किल्ली घेणारा प्रत्येक जण ती परत ठेवत होता. कुलूपही एकच होतं. एकाच कुलपात वर्तुळ तयार होणार कसं, हे काही कळेना.

माग काढायला कोडमध्ये जागोजागी नोंदी लिहिणाऱ्या ओळी टाकल्या, तर त्या दोन महिन्यांत सर्व्हर एकदाही थिजला नाही. ओळी काढल्या आणि तिसऱ्या आठवड्यात थिजला. आमच्या धंद्यात याला 'हायझेनबग' म्हणतात, पाहायला गेलं की लपणारी चूक. जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात तो शब्द वापरला होता. नोंद लिहायला जो अर्धा क्षण लागतो, त्याने थ्रेडची पुढे-मागे व्हायची वेळ बदलते, असं आम्ही समजलो. नंतर कळलं की कारण अजून साधं होतं. त्या दोन महिन्यांत पाऊस नव्हता.

स्वयंपाकघरातला तपास

परत पोळ्याच्या दुपारकडे. घरची डबी आमच्या चाचणीच्या सर्व्हरला जोडलेली होती, खऱ्या शीतगृहांच्या सर्व्हरला नाही. हे फार महत्त्वाचं ठरलं. खरा सर्व्हर थिजला की दहा फोन येतात आणि हात आपोआप रिस्टार्टकडे जातो. इथे कोणी ओरडणारं नव्हतं. फक्त आई म्हणत होती, "अरे, पोळा फुटायची वेळ झाली, बैल पाहायला चाल ना."

मी म्हटलं, "आई, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं रात्री दहाला संपली. तोरणाखालचे बैल त्या वर्षी मी पाहिले नाहीत.

पहिलं काम, काहीही बंद न करता थिजलेल्या प्रोग्रामचा फोटो काढणं. जीडीबी नावाचं हत्यार चालत्या प्रोग्रामला लावता येतं आणि त्याला विचारता येतं, तुझा प्रत्येक थ्रेड या क्षणी कुठल्या ओळीवर उभा आहे? एकूण ४३ थ्रेड होते. एक नव्या जोडणीची वाट पाहत होता, तो ठीकच. ४१ थ्रेड यादीच्या किल्लीसाठी रांगेत होते. त्यात चाळीस ऐकणारे आणि एक पहारेकरी. म्हणजे 'याच्याकडून काही येत नाही' असं ओरडायचं काम ज्याचं, तोच रांगेत अडकलेला. पडद्यावर हिरवा दिवा का राहत होता, ते तिथेच कळलं.

उरला एक, पाठवणारा. लिनक्समध्ये कुलपातच त्याच्या मालकाचा क्रमांक लिहिलेला असतो. पाहिलं, तर किल्ली याच्याकडेच होती. आणि हा उभा होता सॉकेटवर पाठवण्याच्या ओळीवर. म्हणजे कुलपाची नाही, तर नेटवर्कची वाट पाहत.

पण कोणत्या डबीला पाठवत होता? आमच्याच फ्रीजमधल्या. मी ती डबी पुण्यात महिनाभर खोक्यात ठेवलेली होती, त्यामुळे तिच्यात जुनं सॉफ्टवेअर होतं. ती जोडली गेली की सर्व्हर तिला नवं पाठवणार, हे ठरलेलंच. आदल्या रात्री जोडली तेव्हा मात्र पाठवण्याचं काम मी चाचणीसाठी बंद ठेवलं होतं आणि सकाळी चालू केलं होतं, लाइट गेल्यानंतर.

दुसरं हत्यार एसएस. हे प्रत्येक सॉकेटच्या दोन्ही टाक्यांत किती मजकूर पडून आहे ते सांगतं. आमच्या डबीच्या सॉकेटवर जाणारी टाकी गच्च भरलेली, हे अपेक्षित होतं. येणारी टाकीही गच्च, हे मात्र अपेक्षित नव्हतं. ६४ हजार बाइट आलेले पडून होते आणि उपसणारा कोणी नव्हता.

तिसरं हत्यार टीसीपीडम्प. तारेवरून काय जातंय ते हे दाखवतं. दर काही वेळाने सर्व्हर डबीला विचारत होता, 'जागा झाली का?' डबी सांगत होती, 'शून्य.' मग डबी सर्व्हरला विचारत होती, 'तुझ्याकडे जागा झाली का?' सर्व्हर सांगत होता, 'शून्य.' दोघं जिवंत, दोघं सभ्य, दोघं एकमेकांना वेळच्या वेळी उत्तर देणारे. अशी जोडणी टीसीपी कधीच तोडत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही.

गाठ कशी बसली

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेनने वर्तुळ काढलं.

लाइट गेली तेव्हा घरचा राउटर बंद झाला. डबीला बॅटरी आहे, ती मोजत राहिली. जोडणी नसली की डबी नोंदी स्वतःकडे साठवते आणि जोडणी आली की सगळ्या एकदम पाठवते. पाच तासांत १,८०० नोंदी झाल्या, प्रत्येक साधारण १०० बाइटची, म्हणजे १ लाख ८० हजार बाइट.

लाइट आली आणि डबी जोडली गेली. पहिली नोंद गेली, सकाळी अकराची, ५.१ अंश. पडद्यावर ती आली. तेवढ्यात पाठवणाऱ्या थ्रेडने पाहिलं, इथे जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याने यादीची किल्ली घेतली आणि किल्ली हातात ठेवूनच काही एमबीचं नवं सॉफ्टवेअर पाठवायला सुरुवात केली.

डबीचा प्रोग्राम आमच्या दुसऱ्या टीमने लिहिलेला. तो साधा, एकाच थ्रेडचा. आधी आपलं सगळं सांगून घेणार, मग समोरच्याचं ऐकणार. फोनवर अशा एक मावशी प्रत्येकाच्या घरात असतात. त्यामुळे डबी आपल्या १,८०० नोंदी संपेपर्यंत काहीच वाचत नव्हती. तिची येणारी टाकी भरली आणि आमचा पाठवणारा थांबला, हातात किल्ली घेऊन. इकडे डबीच्या नोंदी वाचणाऱ्या थ्रेडला पुढची नोंद यादीत लिहायला तीच किल्ली हवी होती, म्हणून तो थांबला. त्याने वाचणं थांबवलं, म्हणून सर्व्हरची येणारी टाकी भरली. ती भरली, म्हणून डबीचं पाठवणं थांबलं. ते थांबलं, म्हणून ती आमचं ऐकायच्या पायरीवर कधीच पोहोचली नाही.

वर्तुळ पूर्ण. त्यातलं कुलूप एकच होतं, बाकीचे दुवे भरलेल्या टाक्यांचे होते. अर्धी गाठ आमच्या सर्व्हरमध्ये, अर्धी शेकडो किलोमीटर दूरच्या डबीत. म्हणूनच कोड दोनदा वाचूनही मला ती दिसली नव्हती. मी फक्त अर्ध्या वर्तुळाचा कोड वाचत होतो. आणि यादीची किल्ली सगळ्यांची सामाईक, म्हणून एका डबीपायी सगळ्या डब्या थिजत होत्या. एकेरी लाइनीवर एक गाडी अडली की मागच्या सगळ्या उभ्या, तसं.

किल्ली हातात ठेवून पाठवायची ती ओळ कोणी लिहिली होती, तेही पाहिलं. मीच, चार वर्षांपूर्वी. पाठवताना मध्येच ती डबी यादीतून कोणी काढू नये, म्हणून. हेतू चांगलाच होता.

'क्वचित' म्हणजे कुठे क्वचित?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे.

हिशोब करा. डबी तासाला ३६० नोंदी करते, म्हणजे ३६ हजार बाइट. सर्व्हरच्या टाकीत ६४ हजार मावतात. म्हणजे जोडणी पावणेदोन तासांपर्यंत तुटली, तर साठलेल्या सगळ्या नोंदी टाकीत सामावून जातात. डबीचं सांगणं संपतं, ती ऐकायला लागते आणि गाठ बसतच नाही. पावणेदोन तासांच्या वर गेलं आणि त्याच वेळी सॉफ्टवेअर जुनं असलं, तरच गाठ.

ऑफिसात आम्ही चाचणी केली नव्हती असं नाही. नेटवर्कची वायर काढून पाहिली होती. दहा मिनिटं. चहा पिऊन येईपर्यंत. ज्या इमारतीत लाइट गेली की सात सेकंदांत जनरेटर सुरू होतो, तिथल्या माणसाला वायर दोन तास काढून ठेवावी, हे सुचणार कसं? आमच्या अहवालात या चुकीपुढे 'अत्यंत क्वचित' असं लिहिलेलं होतं. सौंसरला पावसाळ्यात लाइट दोन-चार तास जाणं, तार तुटणं, टॉवर बंद पडणं, यात क्वचित काय आहे? आणि आमच्या डब्या लागल्या होत्या त्या अशाच तालुक्याच्या गावांतल्या शीतगृहांत.

मी याच गावात वाढलो. लाइट गेल्यावर कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. आणि तरी कोड लिहिताना मनात सर्व्हर होता तो पुण्याच्या ऑफिसातला, नेटवर्कही तिथलंच. गाव सोडून पंधरा वर्षं झाल्यावर माणूस काय काय विसरतो, ते त्या संध्याकाळी मला लख्ख दिसलं.

काय बदललं

दुरुस्ती तपासापेक्षा कितीतरी सोपी होती. पाठवणारा थ्रेड आता किल्ली क्षणभर घेतो, कोणाला पाठवायचं ते टिपून घेतो, किल्ली परत ठेवतो आणि मगच पाठवायला लागतो. हाती किल्ली असताना नेटवर्कची वाट पाहायची नाही, हा आमच्या टीमचा आता लेखी नियम आहे. यादीतून काढलेली डबी पाठवणं पूर्ण होईपर्यंत टिकून राहील, याची सोय वेगळी केली.

दुसरं, प्रत्येक वाट पाहण्याला मुदत दिली. तीस सेकंदांत टाकी हलली नाही तर जोडणी तोडायची आणि पुन्हा सुरुवात करायची. तिसरं, डबीच्या टीमने आपल्या मावशींना मध्ये मध्ये ऐकायला शिकवलं. खरं तर यातली कोणतीही एक दुरुस्ती पुरली असती, पण औषधाच्या बाबतीत आम्ही तिन्ही केल्या.

चौथी गोष्ट तरुण इंजिनिअर मंडळींसाठी. थिजलेला प्रोग्राम रिस्टार्ट करण्याआधी त्याचा पूर्ण फोटो, म्हणजे कोअर डम्प, डिस्कवर उतरवून घ्या, आणि सोबत दोन्ही टाक्यांचे आकडे. एखाद-दोन मिनिटांचं काम आहे. ते करणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही रिस्टार्टच्या बटणालाच जोडली. आता घाईतला माणूसही पुरावा पुसू शकत नाही. आणि चाचणीच्या यादीत एक नवी ओळ आली, 'सौंसर चाचणी'. जुन्या सॉफ्टवेअरची डबी, वायर सहा तास काढलेली. टीममधल्या दिल्ली-चेन्नईच्या मुलांनाही आता सौंसर हे नाव पाठ आहे.

थिजलेल्या आकड्याची किंमत

हे आमच्यापुरतं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणं बरीच होती, झाडांना टेकलेल्या वीजवाहिन्या त्यात होत्या. पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात दुपारी दोननंतर धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर गप्प झालं होतं आणि ते गप्प झालंय हे तिथल्या माणसांना तासाभराहून अधिक काळ कळलंच नाही. नंतर अनेक आठवडे कोड तपासल्यावर सापडलं, की दोन कामांनी एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिलं होतं. आमच्याकडे किल्ली फार वेळ धरली गेली, तिथे जिथे एकाच वेळी एकच हात हवा होता तिथे दोन पडले. चुका उलट्या, पण शेवट एकच. पडदा शांत आणि माणूस निश्चिंत.

त्याच जातीची, पण सुखान्त गोष्ट १९९७ ची. मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान मधूनच स्वतःला रिस्टार्ट करायला लागलं. एक कमी महत्त्वाचं काम किल्ली धरून बसे आणि जास्त महत्त्वाचं काम अडून राही. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रणेवर तीच अवस्था पुन्हा घडवून आणली, कारण सापडलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. घडवून आणता आलं की अर्धी लढाई जिंकली. त्यांच्याकडे जुळी यंत्रणा होती. मला ती वीज मंडळाने आणि पोळ्याच्या पावसाने उभी करून दिली.

बाबांच्या इन्सुलिनचं काय झालं, असं काही जण विचारतील. मेडिकलवाल्या काकांना लगेच फोन केला. काही तासांनी काही होत नाही, पण ऊन आणि बर्फाचा कप्पा या दोन्हींपासून लांब ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

त्या पोळ्यानंतर दोन पावसाळे गेले. सर्व्हर थिजलेला नाही. ती डबी मी घरच्या फ्रीजमध्येच राहू दिली आणि बाबांच्या मोबाईलवर पडदा लावून दिला. त्यावर आता आकड्याखाली एक दुसरी ओळही असते, 'इतक्या सेकंदांपूर्वीची नोंद'. तो वेळ खुद्द मोबाईल मोजतो, कुठल्याच किल्लीच्या रांगेत न उभं राहता. आमच्या डिझाइनवाल्यांनी ती ओळ बारीक, करड्या अक्षरांत केली होती. मी ती आकड्याएवढीच मोठी करायला लावली.

परवा फोनवर बोलताना बाबांना विचारलं, "फ्रीज किती दाखवतोय?"

ते म्हणाले, "थांब, आधी पाहू दे किती जुना आहे." मग थोड्या वेळाने, "चार सेकंद. आता सांगतो. सहा पॉइंट दोन."